गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेज) एमबीबीएस, ऑस्ट्रेलियात जीपी (फॅमिली डॉक्टर): मेडिकेअरची 10 वर्षांची अट कोणाला लागते?

बांबोळीकर: इंटर्नशिप संपत आलीय. एजंट म्हणतो, एएमसीची (ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिल) परीक्षा पास झालो की सिडनीतही क्लिनिकमध्ये बसता येतं. पोर्तुगीज पासपोर्ट होणार आहे, त्याचा फायदा होईल का?

मांडवीकाठ: एजंटाने नोंदणी आणि बिलिंगची खिचडी केलीय. डॉक्टर म्हणून नोंदणी आप्राकडे (तिथली नोंदणी संस्था), बिलिंग मेडिकेअरकडे (तिथला सरकारी आरोग्य विमा). आरोग्य विमा कायद्याच्या 19एबी कलमानुसार बाहेर शिकलेल्या डॉक्टरला साधारण 10 वर्षं मेडिकेअर बिलिंग फक्त टंचाईच्या भागात करता येतं. जीपींसाठी त्या भागांना डीपीए म्हणतात. मुदत ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या नोंदणीपासून मोजतात, शिवाय अट सुटायला पीआर (कायमचं वास्तव्य) किंवा नागरिकत्वही लागतं. फार दुर्गम भागात काम केलं तर 10 ची 5 वर्षंही होतात.

सरकारी हॉस्पिटलात पगारावर असाल तर ही अट आड येत नाही. क्लिनिकची ऑफर आली तर सही करण्याआधी त्याचा पत्ता हेल्थ वर्कफोर्स लोकेटरवर (सरकारी ऑनलाइन नकाशा) टाकून बघा. प्रोव्हायडर नंबर (मेडिकेअरला बिल लावायचा नंबर) डॉक्टरला एकदाच मिळत नाही, प्रत्येक जागेचा वेगळा काढावा लागतो. क्लिनिक बदलून जुन्याच नंबरावर बिल फाडणारे इथेच फसतात.

पासपोर्टचं म्हणाल तर शून्य. कलम डिग्री कुठली ते बघतं. व्हिसाला 482 (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) आणि मालकाची स्पॉन्सरशिप पोर्तुगीजालाही लागते.

कागदपत्रवाला: क्रम चुकवू नका. आधी एपिकवर (कागदपत्रं तपासणारी ऑनलाइन सेवा) डिग्रीची पडताळणी; ती थेट संस्थेकडून होते, म्हणून वेळ लागतो. मग एएमसीची एमसीक्यू (बहुपर्यायी) परीक्षा, 150 प्रश्न, साडेतीन तास. मग नोकरी, मर्यादित नोंदणी, व्हिसा. जीपीच्या जागेसाठी मध्ये पेस्की (नोकरीआधीची क्लिनिकल) मुलाखतही असते. गुड स्टँडिंगचं (नोंदणी स्वच्छ असल्याचं) प्रमाणपत्र सगळ्यात शेवटी मागवा. ते तुमची नोंदणी असलेल्या इथल्या मेडिकल कौन्सिलकडूनच थेट आप्राला जातं आणि 3 महिन्यांत शिळं होतं.

आपल्याकडचा खास घोळ नावाचा. जन्मदाखल्यावर नाईक पोर्तुगीज पद्धतीने ‘क्यूयूई’ने (Naique), डिग्रीवर ‘के’ने (Naik). पासपोर्ट होण्याआधीच एक स्पेलिंग ठरवा, नाहीतर एपिकवरच अडकाल.

मांडवीकाठ: प्लॅब (परदेशी डॉक्टरांसाठीची युकेची परीक्षा) पास होऊन युकेत 12 महिने मान्य देखरेखीखाली काम केलं तर एएमसीची परीक्षा टळते. 19एबी मात्र तिथूनही सोबत येतं.

बांबोळीकर: म्हणजे आधी हॉस्पिटल. एजंटाचे पैसे अजून दिलेले नाहीत. देव बरें करूं.