अनुभव धागा: शाळेतली डॉक्टरी तपासणी आणि शाळा सुटल्यावर राबणारी मुलं

निवृत्त शिक्षिका, सोलापूर (धागाकर्ती)

परवा माळा आवरताना १९७९ सालचं तपासणीचं एक कोरं कार्ड सापडलं. उंची, वजन, दात, डोळे, कान, घसा, त्वचा, नखं. वर्षातून एकदा डॉक्टर यायचे आणि एका दुपारीत अख्खी शाळा उरकायचे.

आमची शाळा विडी कामगारांच्या वस्तीतली. चौथीत एक मुलगी होती, अक्षर मोत्यासारखं. डॉक्टरांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले आणि कार्डावर लिहिलं, 'नखं अस्वच्छ'. मी तिला वर्गापुढे उभं करून रागावले. दुसऱ्या दिवशी आई आली. म्हणाली, "बाई, लई घासली ओ. साबणानं जात न्हाई ते, तंबाखूचं हाय." तेव्हा कुठे मी ती बोटं नीट पाहिली. टोकं पिवळी-तपकिरी पडलेली. उजव्या अंगठ्याचं नख एका बाजूनं झिजून तिरकं झालेलं. विडीचं तोंड दुमडायचं ते नखानं, रोज शेकड्यांनी.

कार्डावर इतके रकाने होते, पण घरी गेल्यावर मूल काय काम करतं, याला रकाना नव्हता. शिक्षिका असून मीही ते कधी विचारलं नव्हतं. ती बोच अजून गेलेली नाही.

तुमच्याकडे तपासणी कशी व्हायची? तुम्ही किंवा घरातली वडीलधारी माणसं लहानपणी कामाला जात असतील, तर त्यांच्या तब्येतीकडे कोण बघायचं? आठवेल तसं लिहा.

लालबागमध्ये वाढलेला एक वाचक

माझ्या आजोबांची 'तपासणी' गिरणीच्या दारात झाली. मालवणाकडून आले तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असतील, साल १९१० च्या आगेमागे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात ७ वर्षांचं मूल कामाला चालायचं, दिवसाला ९ तासांपर्यंत. १८९१ मध्ये ती अट ९ वर्षं आणि ७ तास अशी झाली. पण जन्मतारीख कुणाकडे लिहिलेली असायची? मग डॉक्टर दातांवरून वयाचा अंदाज बांधून दाखला द्यायचे. आजोबा सांगायचे, "बैलाचे दात बघतत तसो माझो जबडो उघडून बघल्यान. छातीक हात पण लावूक नाय."

साच्यावरच्या, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावरच्या, भरलेल्या बाबिणी काढायच्या आणि रिकाम्या चढवायच्या, हे त्यांचं काम. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली, नाकातोंडात कापसाची पिंजण. १९२२ मध्ये वयाची अट १२ वर गेली, तोवर आजोबा बाप्ये झाले होते. त्यांचा खोकला मला आठवतो. पहाटे चाळीतल्या चार खोल्यांना ऐकू जायचा.

धागाकर्तीताई, तुमच्या कार्डावर 'दात' हा शब्द वाचला आणि थांबलोच. शाळेत दात बघायचे ते कीड शोधायला. आजोबांचे दात बघितले ते पोरगं कामाला लावता येईल का, हे ठरवायला.

इचलकरंजी

मी कांडी भरायचो, म्हणजे मागाला लागणारं सूत कांडीवर गुंडाळायचो. सकाळची शाळा, दुपारपासून मागांच्या खडखडाटात, शेडमध्ये. सहावीत तपासणीच्या वेळी डॉक्टर पाठीमागे उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणत होते, आपण ते पुन्हा म्हणायचे. मला एकही ऐकू आला नाही. गुरुजी म्हणाले, लक्ष नसतं याचं. घरी आम्ही सगळेच मोठ्यानं बोलायचो, त्यामुळे मलाही कळलं नव्हतं.

सोलापूर, आता पुण्यात

बाई, मी तुमच्या शाळेतली नाही, पण त्याच बाजूची. घरात आम्ही तेलुगू बोलायचो. आई विडी कंपनीच्या ब्रँचमधून पानं आणि जर्दा, म्हणजे विडीची तंबाखू, आणायची. पानं भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्रा ठेवून कात्रीनं कापायची. कापणं आणि तोंडं मोडणं माझ्याकडे, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधणं धाकट्या भावाकडे. मांडीवर सूप आणि सुपाच्या कडेला वही. जर्दा तेज निघाला की डोकं गरगरायचं, दोन-तीनदा उलटीही झाली. आई म्हणायची, होईल सवय. ती स्वतः तशीच मोठी झाली होती. एवढं करून ब्रँचमध्ये छाट निघाली, म्हणजे विड्या नापास झाल्या, की तेवढ्या विड्यांचे पैसे गेले.

तपासणीच्या आदल्या रात्री आम्ही मुली लिंबाच्या सालीनं बोटं घासायचो. त्या मुलीनंही घासली असणार. डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे आणि म्हणायचे, रक्त कमी आहे, पालेभाज्या खा. एवढंच. मान आणि पाठ दुखते हे सांगायचं मनात यायचं, पण मागे रांग उभी असायची.

कायदे नव्हते असं नाही. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं कारखान्याच्या जागेत १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायची बंदी केली. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या यादीतही विडीकाम होतं, पण घरच्यांच्या हाताखाली चालणारं काम त्यातून वगळलं होतं. आमचं सगळं तर घराच्या उंबऱ्याच्या आतच चालायचं.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, बीड जिल्हा

आपल्या देशात शाळकरी मुलांची तपासणी पहिल्यांदा झाली ती १९०९ मध्ये, बडोदा शहरात. सयाजीरावांनी १९०६ मध्येच संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. मुलं शाळेत आली म्हणून त्यांची तब्येत दिसली, असं मला वाटतं. पुढे देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं १९४६ मध्ये नोंदवलं की देशात शालेय आरोग्य सेवा जवळजवळ नाहीच.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी शाळांची तपासणी जानेवारीत घ्यायचो. हजेरीपटावर पोरं चाळीस आणि समोर वीस-बावीस. उरलेल्यांच्या कार्डांवर 'गैरहजर' लिहून मी पुढच्या गावाला निघायचो. ती पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असायची, दिवाळीनंतर गेलेली उन्हाळ्यातच परतायची. कुणी कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, धाकटी भावंडं सांभाळायचं, कुणी मोळ्या वाहायचं. ज्यांना तपासायला हवं होतं तीच नेमकी माझ्या कार्डावर कोरी राहायची. हे ध्यानात यायला मला तीन वर्षं लागली, आणि तेही एका शिपाईमामांनी सुचवलं म्हणून.

मग मी त्या गावांची तपासणी जुलैत ठेवली. पहिल्याच दिवशी पाचवीतला एक मुलगा आला. वजन वर्गात सगळ्यात कमी. खांद्यावर मोळीचा घट्टा. डाव्या नडगीवर वीतभर लांब व्रण, टाके न घालता भरून आलेला, कडा जाड झालेल्या. विचारलं तर म्हणाला, "कोयता लागला व्हता. आयनं हळद भरली." किती दिवस घरी बसलास? "कुठं बसतंय, दुसऱ्या दिशी फडात."

त्वचेच्या रकान्यात ते सगळं मावेना, म्हणून मी कार्ड उलटं केलं आणि मागच्या बाजूला लिहिलं.