रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्यावर मुलीने रायडिंग शिकावं का? (पुणे)

वारज्याची_आई:
मुलगी अकरा वर्षांची. सुट्टीत महाबळेश्वरला घोड्यावर बसली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. गावाबाहेरच्या एका रायडिंग स्कूलमध्ये चौकशी केली. त्यांनी दाखवलेला घोडा उंच, तपकिरी, सहा वर्षांचा, फारच देखणा. बोलता बोलता कळलं की मागच्या सीझनपर्यंत तो रेसमध्ये पळत होता. नवरा म्हणतो, रेसचा घोडा आणि आपली पोर, अजिबात नाही. स्कूलवाले म्हणतात, काही होत नाही, सगळीकडे असेच घोडे असतात. कुणाचं ऐकू?

पेठेतला_भाडेकरू:
नवऱ्याचं ऐका. त्यांनाही बरं वाटेल, असे प्रसंग फार येत नसतील.

मांड_पक्की:
ताई, माझी उमेदीची वर्षं कॅम्पातल्या रेसकोर्सवर गेली. राइडिंग बॉय होतो, उजाडायच्या आत घोडे ट्रॅकवर काढायचो. पुढे वजन वाढलं आणि पोरांना शिकवायला लागलो.

"सगळीकडे असेच घोडे असतात" हे खोटं नाही. थरोब्रेड, म्हणजे रेसची जात, दोन वर्षांचा झाला की पळायला लागतो. पावसाळ्यात पुणे, मग हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स. पाच-सहा वर्षांचा झाला, नंबरात येईना किंवा पाय गेला, की मालकाचा खर्च सुरू आणि कमाई बंद. घोडा जगतो पंचवीस वर्षं. मधल्या काळात त्याने करायचं काय? (पूर्वी असे घोडे सीरम, म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेलं औषध, बनवायला मुंबईला हाफकिन संस्थेकडे जायचे. पूनावालांच्या स्टड फार्मचेही जात, आणि त्यातूनच १९६६ साली हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभं राहिलं.) तेव्हा रायडिंग स्कूलला येणारा नशीबवानच.

घोडा वाईट नसतो, त्याचं शिक्षण वेगळं झालेलं असतं. जॉकी आखूड रिकिबीत उभा राहतो, पुढे झुकतो, लगाम ताणून धरतो, आणि घोडा त्या लगामावर भार टाकून पळतो. आता नवखं पोर घाबरलं की काय करतं? पुढे वाकतं, लगाम ओढतं, पाय आवळतं. पोर म्हणतंय थांब, घोडा ऐकतोय सुट. उधळला म्हणून बोल त्याला लागतो.

दुसरं, याला उभं राहणं ठाऊक नसतं. रेसकोर्सवर जॉकीचा पाय हातात धरून त्याला वर टाकतात, पुष्कळदा चालत्या घोड्यावरच. स्टुलावर चढून कुणीतरी सावकाश पाठीवर बसतंय, ही भानगड त्याने पाहिलेली नसते.

म्हणून जात विचारू नका, शेवटच्या रेसनंतर काय केलं ते विचारा. काही महिने नाल काढून मोकळा सोडला होता का? दाण्यावरून चाऱ्यावर आणला का? मग मोठ्या, जाणत्या स्वाराने पहिल्यापासून शिकवला का? आणि न कळवता जा, खोगीर उतरवायच्या वेळी. पाठीवरून हात फिरवताना कातडी थरथरली, कान मागे गेले, तर खोगीर बसत नाहीये किंवा पाठ दुखतेय. पुढच्या पायाची मागची शीर तळव्याने चाचपा. दोन्ही पायांची सारखी, गार लागली पाहिजे. एक जाड आणि कोमट असेल तर दुखणं अजून जिवंत आहे. दुखणारा घोडा कितीही गरीब असला तरी कधी ना कधी उत्तर देतो.

आळंदीकर_०७:
एवढं घाबरवू नका हो. माउलींचे अश्व बघा, रिंगणात टाळ-मृदंग, लाखभर माणूस, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. कुणाला लाथ नाही.

मांड_पक्की:
माउली, ते अश्व दरवर्षी कर्नाटकातल्या अंकलीहून चालत येतात. रस्ता, ट्रक, बँड, कुत्री, सगळं पचवून. रेसच्या घोड्याने गर्दी पाहिलेली असते ती कठड्यापलीकडची. रस्त्यावर उडणारी प्लास्टिकची पिशवी पाहिलेली नसते. मी एक बघितला होता, गेटमधून तोफेसारखा सुटायचा, आणि उघडी छत्री दिसली की माझ्या मागे लपायचा. पाचशे किलोंचं जनावर तुमच्या मागे लपतं तेव्हा हसायला नंतर येतं.

वारज्याची_आई:
काल न कळवता गेले. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, भला माणूस आहे. त्याच्याकडून कळलं, घोडा फेब्रुवारीत आला आणि मार्चपासून पोरं बसतात. पाय गार होते, सारखे. पाठीवर हात ठेवला तर मात्र सरकला. आता काय करू? मुलीने घोड्याचं नावसुद्धा ठरवलंय, त्याला आधीच नाव असताना.

मांड_पक्की:
एका महिन्यात पोरं? नको. पण स्कूल सोडायची घाई नका करू, मोतद्दार खरं बोलतोय ही मोठी गोष्ट. त्यांच्याकडचा सगळ्यात म्हातारा, बुटका, कंटाळलेला घोडा मागा. भीमथडी तट्टू असेल तर सोन्याहून पिवळं. भीमा-नीरेकाठची आपली जात, धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर चालणारी, उंची कमी, पाय खात्रीचे. सुरुवातीला मास्तरने लांब दोरीवर गोल फिरवावं आणि लगाम पोरीच्या हातात देऊच नये. मांड बसली की लगाम.

तो देखणा ठेवा बाजूला. त्याला वर्षभर कुणी नीट शिकवलं तर पुढे पोरगी त्याच्यावर उड्यासुद्धा मारेल. तोवर खरारा करू दे त्याला, मोतद्दार शेजारी असताना.

आणि हो, हेल्मेट स्कूलचं घेऊ नका, स्वतःचं घ्या. आधी कुणी त्यात आपटलंय हे बाहेरून दिसत नाही. बूट टाचेचे हवेत. सपाट तळव्याच्या बुटात पाय रिकिबीतून आरपार जातो, आणि पडताना अडकला तर घोडा फरपटत नेतो.

पेठेतला_भाडेकरू:
म्हणजे नवऱ्याचं बरोबर होतं.

वारज्याची_आई:
त्यांना हा धागा दाखवणार नाहीये.