गिधाडं गेली म्हणून ५ लाख माणसं मेली, हे पटतं का तुम्हाला?

जिरायती
मंडळी, गावच्या ग्रुपवर एक बातमी फिरतेय की भारतातली गिधाडं संपली त्यामुळे पाच वर्षांत ५ लाख जास्तीची माणसं मेली, अमेरिकेतल्या कुठल्या तरी मोठ्या जर्नलमध्ये छापून आलंय म्हणे. मला आधी वाटलं नेहमीसारखं फॉरवर्ड आहे पण शोधलं तर अभ्यास खरंच आहे. आता प्रश्न असा की गिधाड आणि माणसाचं मरण हा हिशोब लावला कसा?
आमच्याकडे पारनेर भागात ढोर मेलं की ओढ्याच्या पलीकडं नेऊन टाकायचे, कातडं निघालं की गिधाडं उतरायची, आणि दुसऱ्या दिवशी नुसता सांगाडा. आम्ही पोरं लांबून दगड मारायचो तरी हलायची नाहीत. हे साधारण ९० च्या आसपासचं. नंतर कधी गेली ते कुणाला कळलंच नाही. आता तिथं कुत्र्यांची टोळी असते, संध्याकाळी तिकडून गाडी काढायची म्हणजे काठी जवळ ठेवावी लागते. आणि दुसरं, माझ्या स्वतःच्या चार गाई आहेत, गिधाडं मरायला जे औषध कारण सांगतात, डायक्लोफेनॅक, ते अजून मिळतं का, आपण नकळत देतोय का? जाणकारांनी सांगावं.

आकडेमोड
चांगला धागा. अभ्यास आयाल फ्रँक (शिकागो विद्यापीठ) आणि अनंत सुदर्शन (वॉरिक विद्यापीठ) या दोन अर्थशास्त्रज्ञांचा, २०२४ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये आला. अर्थशास्त्रज्ञ म्हटलं की पक्षीवाले नाक मुरडतात पण इथे पद्धत खरंच हुशार आहे.
गंमत अशी की गिधाडं आधी किती होती हे देशभर कुणी नीट मोजलंच नव्हतं, इतकी होती की मोजावीशी वाटली नाहीत! मग यांनी काय केलं, कुठल्या जिल्ह्यातली जमीन-हवामान गिधाडांना मानवणारं होतं ते नकाशावरून काढलं, आणि भरपूर गिधाडं असणारे जिल्हे एका बाजूला, जिथे मुळातच फारशी नव्हती ते दुसऱ्या बाजूला ठेवले. १९९४ च्या सुमाराला डायक्लोफेनॅक, म्हणजे ज्यानं गिधाडं मेली ते दुखणं-सुजेवरचं औषध, एकदम स्वस्त झालं, बाकीच्या कंपन्यांची स्वस्त जेनेरिक बाजारात आली आणि ते जनावरांना सर्रास टोचायला लागले. तोपर्यंत दोन्हीकडचा मृत्युदर बरोबरीने चाललेला. त्यानंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत तो वर चढायला लागला, दुसरीकडे फारसा हललाच नाही. २००५ पर्यंत हा फरक सरासरी ४.७ टक्क्यांवर गेला, म्हणजे वर्षाला साधारण १ लाख ४ हजार जास्तीचे मृत्यू. २००० ते २००५ ही पाच वर्षं धरली की झाले साधारण ५ लाख.
कारणं दोन दिसतात, कुत्रे वाढले आणि पाणी नासलं. रेबीजच्या लशीची विक्री वाढलेली दिसते, पाण्यात विष्ठेतले जंतूही वाढलेले दिसतात. आणि फटका सगळ्यात जास्त शहरी भागात जिथे जनावरंही भरपूर आहेत तिथे, कारण तिथे मेलेलं ढोर टाकायला गिधाडांशिवाय दुसरी सोयच नव्हती.

शंकासुर
हे सगळं ठीक आहे हो, पण ९४ ते २००५ मध्ये देशात काय काय बदललं नाही? उदारीकरण आलं, शहरं वाढली, एचआयव्ही होता, दुष्काळ पडले. त्यातलं बरोबर गिधाडांच्या खात्यावरचं तेवढं वेगळं काढलं म्हणणं मला जरा जास्तच वाटतं. आणि नुसत्या कुत्र्यांनी ५ लाख माणसं मरतील? रेबीजचे आकडे बघा ना.

आकडेमोड
@शंकासुर रेबीजचा मुद्दा रास्त आहे. २००८ मध्ये एक जुना हिशोब आला होता, त्यात १९९२ ते २००६ या काळात गिधाडांअभावी साधारण ५५ लाख कुत्री वाढली, ३ कोटी ८५ लाख जास्तीचे चावे आणि रेबीजने ४७ हजारांवर मृत्यू असा अंदाज होता. म्हणजे रेबीज एकटा ५ लाखांपर्यंत पोचत नाहीच. नवा अभ्यास रेबीज मोजत नाही, तो एकूण मृत्युदर मोजतो, म्हणून त्यात पाणी, इतर रोगराई सगळं येतं.
पण उदारीकरण, शहरं वगैरे पटत नाही. ते दोन्हीकडच्या जिल्ह्यांत आलं ना? फक्त गिधाडांच्याच जिल्ह्यांत आणि औषध स्वस्त झाल्यावरच दर का चढावा, याला दुसरं काही उत्तर असेल तर सांगा, खरंच ऐकायचंय. एक मात्र कबूल, हा सरासरीचा हिशोब आहे. त्या ५ लाखांतला एकही माणूस नावानिशी दाखवता येणार नाही, त्यामुळे आमच्या गावातला अमुक गिधाडामुळे गेला असं कुणी सांगायला लागलं तर ते थोतांड. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच होतं.

शंकासुर
दिशा पटली, आकडा अजून नाही. दुसऱ्या कुणी वेगळ्या पद्धतीने काढून तेवढाच आला तर मानीन.

गोठ्यातला माणूस
जिरायती दादा तुमच्या औषधाच्या प्रश्नावर. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात बरीच वर्षं काढलीत, पूर्वी डायक्लोफेनॅक म्हणजे आमची रामबाण चीज. गाय बसली, टोचा. कास सुजली, ताप आला, लंगडतेय, टोचा. स्वस्त आणि जनावर तासाभरात उठून वैरण खायला लागतं, शेतकरी खूश. गाईला त्याने काही होत नाही, प्रश्न तिच्या मेल्यावर. टोचल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेलं तर औषध मांसात, काळजात शिल्लक असतं, ते गिधाडानं खाल्लं की त्याची किडनी बंद पडते, युरिक ॲसिड बाहेर पडत नाही आणि आतल्या अवयवांवर खडूची पूड फासल्यासारखा पांढरा थर बसतो. मरायच्या आधी पक्षी मान खाली टाकून फांदीवर बसून राहतो. राजस्थानात भरतपूरला बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) विभू प्रकाश यांच्या गिधाडं मरतायत हे आधी लक्षात आलं, पण कारण कळत नव्हतं, रोगाची साथ असेल असंच वाटत होतं. लिंडसे ओक्स हे संशोधक आणि मंडळींनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून औषध पकडलं, ते २००४ मध्ये नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये छापून आलं.
आणि सगळी ढोरं विषारी असायला लागत नाहीत हो. शंभरात एका ढोरात जरी औषध असलं तरी पुरे, कारण एका ढोरावर पन्नास-पन्नास पक्षी बसतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ मध्ये ९९.९ टक्के गेली ती अशी.
बंदी २००६ ला आली. मग लोक माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या आणून टोचायला लागले, म्हणून २०१५ मध्ये ३ मिलीच्या वरची बाटलीच बंद केली. २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेनवर बंदी आली. ॲसिक्लोफेनॅकचं तर जनावराच्या अंगात डायक्लोफेनॅकच होतं, म्हणजे नाव बदलून तेच! तर तुमच्या गाईंना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगा, गिधाडाला चालतं. घरी येणाऱ्या माणसाला बाटली दाखव म्हणायचं, लाजायचं नाही.

म्हसळेकर
रायगडातून. आमच्याकडे म्हसळ्याजवळ चिरगावला आणि फणसाडकडे अजून पांढऱ्या पाठीची गिधाडं आहेत, उंच झाडांवर घरटी करतात. इथले लोक, संस्था आणि वनखात्याने मिळून मेलेली जनावरं त्यांच्यासाठी टाकायला सुरुवात केली. पण २०२० च्या निसर्ग वादळात त्या पट्ट्यातली मोठमोठी झाडं आडवी झाली. औषधाचं संकट कायद्याने थांबवता येतं, वादळाला कोण बंदी घालणार? आणि हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो, पिल्लू वयात यायला पाच वर्षं जातात, म्हणजे एक हंगाम वाया गेला की भरून निघायला किती वेळ लागतो बघा. मुंबईत पारशी लोक मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात त्या डुंगरवाडीला गिधाडंच उरली नाहीत म्हणून सौर उपकरणं बसवावी लागली, तेही याच गोष्टीचं दुसरं टोक.

जिरायती
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. एक शेवटचं, नाशिककडे हरसूलजवळ गिधाडांचं उपाहारगृह, म्हणजे त्यांच्यासाठी मेलेली जनावरं टाकायची जागा, आहे असं वाचलं. तसं आमच्या ओढ्यापलीकडं सुरू केलं तर येतील का?

म्हसळेकर
खोरीपाड्याचं म्हणताय. तिकडे अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आधीपासून होतीच, म्हणून ते चाललं. आसपास पक्षीच नसतील तर तुमच्या ढोरावर कुत्रेच जेवतील. आधी वनखात्याकडे चौकशी करा, आजूबाजूच्या कड्यांवर कुणाला दिसलीत का ते विचारा.

गोठ्यातला माणूस
+१. आणि ढोर टाकायच्या आधी शेवटच्या आठवड्यात त्याला काय काय टोचलं ते विचारल्याशिवाय टाकायचं नाही. माहीत नसेल तर सरळ जेसीबी बोलवा आणि खोल पुरा. जनावरांच्या लम्पी रोगाच्या साथीत तेच केलं आम्ही, तापावर कुणी काय टोचलं होतं याचा पत्ताच नव्हता.