ई-सायकल नेमकी कुठे चालवता येते? मदत हवी आहे

मुलगा सोळा वर्षांचा आहे, लायसन्स नाही. पुण्यात क्लासला जायला ई-सायकल घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, "नंबर प्लेट लागत नाही, कुठेही फिरवा. हवा तर स्पीडही वाढवून देतो." हे बरोबर आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

स्पोक३६:
स्पीड वाढवला की नंबर प्लेटची सूट गेलीच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम २(यू) बघा. मोटरची ३० मिनिटांची पॉवर (सलग अर्धा तास देता येणारी ताकद) २५० वॉटच्या आत, बॅटरी सोडून वजन जास्तीत जास्त ६० किलो, चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. पेडल असिस्ट (पेडल मारताना मोटरची मदत) असेल तर ताशी २५ किमीला, किंवा पाय थांबले की त्याआधीच, मोटर बंद पडली पाहिजे. शिवाय त्या मॉडेलला एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र हवं. हे सगळं असेल तरच कायद्याने ते मोटार वाहन ठरत नाही, म्हणून नंबर प्लेट आणि लायसन्स लागत नाही.

दुकानात लिमिटरची (वेग अडवणाऱ्या भागाची) वायर काढतात किंवा डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मर्यादा वाढवतात. मग ती विनानोंदणी, विनाविमा गाडी होते. मुलगा अल्पवयीन असल्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपघात झालाच तर भरपाईही अंगावर येते. कृपा करून हे करू देऊ नका.

घाटवाट:
रस्त्यांचं सांगतो. सायकल ट्रॅकवर मोटार वाहनाला मनाई आहे, त्यामुळे नियमात बसणारी ई-सायकल तिथे चालते, स्पीड वाढवलेली नाही. फुटपाथ चालणाऱ्यांचा, तिथे उतरून ढकलत न्यावी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, वांद्रे-वरळी सी लिंक आणि अटल सेतूवर साध्या सायकलीलाही बंदी आहे, तेव्हा मोटरच्या वॉटचा तिथे प्रश्नच येत नाही.

स्पोक३६:
घेताना मागच्या चाकाच्या हबवरचा (मधल्या भागातल्या मोटरवरचा) वॉटचा आकडा स्वतः वाचा. ३५० लिहिलं असेल तर सोडून द्या. कंट्रोलरवर (मोटरला वीज सोडणाऱ्या डब्यावर) ३६ व्होल्ट, १५ अँपिअर दिसलं तर घाबरू नका. ते ५४० वॉट चढावरचे, क्षणभराचे; नियमात ३० मिनिटांची पॉवर धरतात. ब्रेक दाबताच मोटर बंद पडते का, तेही चालवून बघा. जुन्या सायकलला बसवलेल्या मोटर-किटला बहुधा असं प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे मुलासाठी ते नकोच. प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरचं मॉडेलचं नाव बिलावर जसंच्या तसं लिहून घ्या.