ॲल्युमिनियम फॉइल कंटेनर : तयार माल आयात करावा की फॉइल घेऊन येथे बनवावा? शुल्काचा हिशेब कसा मांडावा?

प्रश्न — शिरोलीकर

नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे कागदी प्लेट आणि द्रोण बनवण्याचे छोटे युनिट आहे. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोल आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही बंदी लागू झाली. तेव्हापासून आमचे हॉटेलवाले आणि केटरर ग्राहक ॲल्युमिनियम फॉइलच्या पार्सल डब्यांची सातत्याने मागणी करत आहेत. सध्या आम्ही हे डबे मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेऊन पुढे विकतो, पण त्यात हाती फारसे काही उरत नाही.

आता दोन मार्ग समोर आहेत. न्युमॅटिक प्रेस आणि तीन-चार मापांच्या डाय घेऊन फॉइलच्या रोलपासून डबे येथेच बनवावेत, किंवा चीनमधून तयार डबे थेट आयात करावेत. चीनमधील पुरवठादाराने दिलेला भाव पाहिला, तर तयार डबा आणि त्याला लागणारे फॉइल यांच्या किमतीत जेमतेम मजुरीएवढा फरक दिसतो, आणि हेच मला खटकते. फॉइलवर अँटी-डंपिंग शुल्क (परदेशी माल अवाजवी स्वस्तात येऊ नये म्हणून लावायचे जादा शुल्क) असल्याचे ऐकून आहे. ते तयार डब्यांवरही लागते का? सीमाशुल्काच्या वर्गवारीत डबे कोणत्या शीर्षकाखाली (चार अंकी कोडखाली) येतात आणि एकूण शुल्काचा बोजा किती धरावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ — सीएचए, मूळ कागल

मी न्हावा शेवा येथे सीमाशुल्क दलालीचे (सीएचए) काम करतो, त्यामुळे आधी शीर्षकाबद्दल लिहितो, कारण बाकीचा सगळा हिशेब त्यावरच उभा राहतो.

०.२ मिलिमीटरपर्यंत जाडीचे फॉइल ७६०७ मध्ये येते, याबद्दल कोणाचे दुमत नाही. तयार डब्याच्या बाबतीत मात्र दोन दावेदार आहेत. मालाची साठवण किंवा वाहतूक करण्यासाठी वापरले जाणारे ॲल्युमिनियमचे डबे, पिंप आणि तत्सम पात्रे ७६१२ मध्ये येतात, तर स्वयंपाकघरातील, टेबलावरील आणि इतर घरगुती वापराच्या वस्तू ७६१५ मध्ये येतात. बिर्याणी भरून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा डबा हे पॅकिंगचे साधन मानायचे की स्वयंपाकघरातील भांडे, हा वाद नुसता शब्दांचा नाही, कारण दोन्हीकडे जीएसटीचा दर वेगळा आहे. अमेरिकेत हे डबे ७६१५ खाली धरले जातात. तो आपल्याकडे पुरावा होत नसला, तरी युक्तिवादाला आधार म्हणून उपयोगी पडतो.

आपल्याकडे २०११ पासून आयातदाराने स्वतःच शुल्कनिर्धारण करण्याची पद्धत आहे. म्हणजे बिल ऑफ एंट्रीमध्ये (आयात मालाच्या घोषणापत्रात) शीर्षक तुम्ही लिहायचे आणि ते चुकले तर फरकाची रक्कम, त्यावरील व्याज आणि प्रसंगी दंडही तुम्हीच भरायचा. पुरवठादाराने त्याच्या इनव्हॉइसवर टाकलेला कोड जसाच्या तसा उतरवणारे आयातदार मी दर महिन्याला पाहतो, आणि दोन वर्षांनी लेखापरीक्षणाची नोटीस आली की त्यांना धावपळ करावी लागते. नियमित माल आणायचा असेल तर शीर्षक आधीच ठरवून घेण्यासाठी मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करावा. त्याचे शुल्क दहा हजार रुपये आहे आणि मिळालेला निर्णय, कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर, ठरावीक वर्षे बंधनकारक राहतो.

आता आकडे. समजा मालाचे मूल्य, जहाजभाडे आणि विमा मिळून दहा लाख रुपये होतात. मूळ सीमाशुल्क केवळ उदाहरणापुरते १० टक्के धरू. प्रत्यक्ष दर त्या दिवशीच्या टॅरिफमध्ये पाहावा. मूळ शुल्क झाले १,००,००० रुपये. त्यावर समाजकल्याण अधिभार १० टक्के, म्हणजे १०,००० रुपये. हा अधिभार मालाच्या मूल्यावर नसून शुल्काच्या रकमेवर असतो, हे लक्षात ठेवावे. त्यानंतर ११,१०,००० रुपयांवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागेल, जो १८ टक्क्यांनी १,९९,८०० रुपये होतो. एकूण भरणा ३,०९,८०० रुपये दिसला, तरी आयजीएसटीचे इनपुट क्रेडिट (विक्रीवरील करातून वजावट) मिळत असल्याने खरा खर्च १,१०,००० रुपयांचाच आहे. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असाल तर हे क्रेडिट मिळणार नाही आणि सगळा हिशेब बिघडेल.

एक गोष्ट मात्र नवा आयातदार हमखास विसरतो. शुल्क कारखान्याबाहेरच्या किमतीवर लागत नाही. ते जहाजभाडे आणि विमा मिळवलेल्या मूल्यावर लागते. फॉइलचे डबे एकात एक बसवून पाठवले तरी जागा खातात, आणि वजन भरण्याच्या कितीतरी आधी कंटेनर आकारमानानेच भरतो. त्यामुळे या मालात भाड्याचा वाटा मोठा असतो आणि त्या भाड्यावरही तुम्ही शुल्क भरता. भाड्याचा पुरावा देता आला नाही तर माल जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या २० टक्के भाडे गृहीत धरले जाते. फॉइलचा रोल वजनदार असतो, कंटेनरमध्ये तो दाबून बसतो, म्हणून किलोमागे त्याचे भाडे नगण्य पडते. तुम्हाला आलेले दोन्ही भाव चीनच्या बंदरापर्यंतचे असतील तर त्यांची थेट तुलना करू नका. कोल्हापूरच्या गोदामापर्यंतचा खर्च काढा आणि मग पाहा.

उत्तर २ — फॉइलवाला, गोकुळ शिरगाव

मी गेली काही वर्षे हेच डबे बनवतो, तेव्हा शिरोलीकरांना जे खटकले त्याचे कारण सांगतो.

अँटी-डंपिंग शुल्क नेहमी अधिसूचनेत वर्णन केलेल्या मालावरच लागते. चीनच्या फॉइलवर ते २०१७ साली लागले. मार्च २०२५ मध्ये ५.५ ते ८० मायक्रॉन जाडीच्या चिनी फॉइलवर टनामागे कमाल ८७३ डॉलरपर्यंत तात्पुरते शुल्क सहा महिन्यांसाठी लावले गेले. (ऑर्डर देण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेली अधिसूचना आपल्या सीएचएकडून तपासून घ्यावी.) अधिसूचनेतील माल फॉइल आहे, फॉइलपासून बनवलेला डबा नाही. म्हणजे असे शुल्क लागू असताना तेच चिनी फॉइल रोल होऊन आले तर त्यावर अँटी-डंपिंग, आणि तिथेच प्रेसखाली जाऊन डबा होऊन आले तर फक्त नेहमीचे सीमाशुल्क. कच्च्या मालाला कुंपण घातले आणि पक्क्या मालाला फाटक उघडे ठेवले, असा हा प्रकार आहे. ‘आम्ही देशी फॉइल घेतो, आम्हाला काय त्याचे’ असे म्हणण्यातही अर्थ नाही, कारण देशी मिलवाले आपला भाव आयातीच्या किमतीकडे बघूनच ठरवतात. शुल्क लागले की त्यांचाही भाव वर सरकतो.

असे घडते याला पुरावा हवा असेल तर अमेरिकेचे उदाहरण पाहावे. तिथे २०१८ साली चिनी फॉइलवर अँटी-डंपिंग आणि अनुदानविरोधी अशी दोन्ही शुल्के लागली, पण त्या आदेशाची व्याप्ती २५ पौंडांपेक्षा जड रोलपुरती होती. चिनी कारखान्यांनी फॉइलऐवजी डबे, ट्रे आणि झाकणे पाठवण्यावर भर दिला. शेवटी तिथल्या फॉइल कंटेनर उत्पादकांच्या संघटनेने मे २०२४ मध्ये स्वतंत्र अर्ज केला आणि २०२५ मध्ये तयार डब्यांवरही शुल्क लागले. मधली सहा-सात वर्षे तिथल्या डबेवाल्यांनी कशी काढली असतील, याची कल्पना आम्हाला येथे बसूनही करता येते.

आता तुमच्या यंत्राविषयी. वरील शुल्काची मर्यादा ८० मायक्रॉनपर्यंत होती, हा मुद्दा बारकाईने वाचावा. २५० ते ७५० मिलिलिटरचे नेहमीचे डबे त्याहून पातळ फॉइलचे असतात, त्यामुळे ते कुंपणाच्या आत सापडतात. लग्नकार्यात लागणारे मोठे ट्रे मात्र जाड फॉइलचे करता येतात आणि ८० मायक्रॉनच्या वरच्या फॉइलला हे अँटी-डंपिंग शुल्क लागत नाही. शिवाय मोठ्या ट्रेला जहाजात जागा जास्त लागते, म्हणून तयार आयात मालाला तिथे भाड्याचा फटका अधिक बसतो. माझे मत विचाराल तर छोट्या डब्यांत चिनी मालाशी भावाने झुंजण्यापेक्षा मोठ्या मापांपासून सुरुवात करावी. कातरणाचा हिशेबही विसरू नका. गोल डब्याच्या डायमध्ये चौकोनी डब्यापेक्षा जास्त फॉइल वाया जाते, आणि ते कातरण भंगाराच्या भावाने विकले जाते, फॉइलच्या भावाने नव्हे.

उत्तर ३ — राजारामपुरी केटरर

शुल्काचे मला कळत नाही, पण माल वापरणारा म्हणून दोन वाक्ये लिहितो. तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळीचा कट आम्ही फॉइलच्या डब्यात देत नाही, कारण कड दुमडून बसवलेले कागदी झाकण पातळ पदार्थ अडवत नाही आणि स्कूटरच्या डिकीत सगळे सांडते. शिवाय चिंच-टोमॅटोची आंबटी आणि मीठ असलेला पदार्थ फार वेळ राहिला तर साध्या फॉइलला बारीक छिद्रे पडू शकतात. फॉइलमध्ये जाते ते बिर्याणी, सुके मटण, पुलाव आणि ओव्हनमध्ये भाजायचे पदार्थ. म्हणून कोल्हापुरातील मागणीचा अंदाज करताना हॉटेलांची संख्या मोजून गुणाकार करू नये. लग्नसराईत मोठ्या ट्रेला मागणी असते, हे गोकुळ शिरगावच्या साहेबांचे म्हणणे मला पटते; जेवण वाढून झाले की भांडी परत आणण्याचा हमालीखर्च त्यात वाचतो.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर — शिरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. भाड्यासकट तुलना करण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. अजून दोन शंका आहेत. एक म्हणजे मलेशिया किंवा थायलंडमधून माल आणला तर आसियान (आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेल्या व्यापार) कराराखाली शुल्क कमी होईल, असे एका व्यापाऱ्याने सुचवले. दुसरी, आपल्या भागातील पाच-सहा डबेवाल्यांनी मिळून सरकारकडे डब्यांवर अँटी-डंपिंग मागता येईल का? आणि येथे डबे बनवले तर जीएसटीचे काय, तेही कोणी सांगितले तर बरे होईल.

उत्तर ४ — करसल्लागार, शाहूपुरी

जीएसटीपासून सुरुवात करतो. फॉइलवर १८ टक्के आहे. ७६१५ मधील ॲल्युमिनियमच्या घरगुती वस्तूंवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तर ७६१२ मधील डब्यांचा सर्वसाधारण दर १८ टक्के आहे. तुमचा डबा ७६१५ मध्ये बसला तर खरेदीवर १८ आणि विक्रीवर ५ अशी उलटी स्थिती होईल आणि क्रेडिट साचत जाईल. त्याचा परतावा जीएसटी कायद्याच्या कलम ५४(३) खाली मागता येतो, पण तो फक्त कच्च्या मालावरील कराचा मिळतो. प्रेस, डाय आणि कॉम्प्रेसर यांवर भरलेला कर, तसेच वाहतूक आणि इतर सेवांवरील कर त्या सूत्रात धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२१ मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. म्हणून बँकेला प्रकल्प अहवाल देताना यंत्रावरील जीएसटी लवकर वसूल होईल असे दाखवू नका. परतावा येईपर्यंत अडकून राहणारी रक्कमही खेळत्या भांडवलात धरावी, कारण छोटे युनिट बहुधा तिथेच अडकते.

अँटी-डंपिंगचा अर्ज वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार उपाय महासंचालनालयाकडे करावा लागतो. अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचे उत्पादन देशातील एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के असावे लागते, आणि मत व्यक्त करणाऱ्या उत्पादकांपैकी पाठिंबा देणाऱ्यांचे उत्पादन निम्म्याहून अधिक असावे लागते. कोल्हापूरच्या पाच-सहा जणांनी हे गाठणे शक्य नाही. देशभरातील उत्पादकांच्या संघटनेमार्फतच जावे लागेल. चौकशीला साधारण एक वर्ष लागते आणि ती दीड वर्षापर्यंत लांबू शकते. त्यानंतरही महासंचालनालय केवळ शिफारस करते, शुल्क लावायचे की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवते. लागलेच तर ते जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी असते आणि डंपिंगचे प्रमाण व उद्योगाला झालेली हानी यांपैकी जे कमी, तेवढेच लावले जाते. अर्ज जरूर करावा, पण यंत्राचा हप्ता त्या भरवशावर धरू नये.

उत्तर ५ — सीएचए, मूळ कागल

आसियानच्या शंकेबद्दल. त्या व्यापाऱ्याला विचारा की माल तिथे बनतो की फक्त तिथून निघतो. आसियान कराराच्या सर्वसाधारण नियमानुसार किमान ३५ टक्के मूल्य त्या प्रदेशातील असावे लागते आणि सहा अंकी शीर्षकही बदलावे लागते. चिनी फॉइल मलेशियात नेऊन डबे केले तर शीर्षक बदलते, पण खर्चाचा बहुतेक भाग फॉइलचाच असल्याने ३५ टक्क्यांची अट पूर्ण होणे अवघड जाते. सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे मूळ देशाचे प्रमाणपत्र दाखवणे पुरेसे नाही. माल तिथला कसा ठरतो याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवावी लागते आणि ती विचारली जाते. पुरवठादार खर्चाचे विवरण द्यायला तयार नसेल तर सवलतीचा दर धरून भाव काढू नका, पूर्ण दर धरा.

आणि झाकणांबद्दल तुम्ही विचारले नाही तरी सांगतो. कागदी पुठ्ठ्याची झाकणे डब्यांबरोबर संच म्हणून आणली तर वर्गीकरण डब्याबरोबर होऊ शकते. स्वतंत्र खोक्यांत, वेगळ्या संख्येने आणली तर ती कागदाच्या ४८ व्या प्रकरणात जातील. तुमचे कागदी प्लेटचे युनिट आधीच आहे, तेव्हा झाकणे तरी आयात करू नयेत. पुठ्ठा आणि कटिंग दोन्ही तुमच्याकडे तयार आहे.