पेप म्हणजे नुसता उत्साह न्हवं ओ

इंग्रजीतल्या 'पेप' (pep) शब्दाचा अर्थ विचारला की 'पेप म्हणजे उत्साह' असं सांगतात, ते बरोबरच आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. उत्साह मनात पण असू शकतो की, पेप मात्र चालण्याबोलण्यात दिसावा लागतो, तरतरी म्हणतो ना आपण, ते जास्त जवळचं. हा शब्द अमेरिकेतला, साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चालू झालेला, पेपर म्हणजे मिरी (कागद न्हवं 😄) त्याचंच अर्धं तोडून केलेला, आणि गंमत बघा, तो पेपर लॅटिन, ग्रीक करत मागं नेला की आपल्या संस्कृत पिप्पलीपर्यंत येतोय. इकडं झाला असता तर संकेश्वरी मिरचीवरनं झाला असता बहुतेक.

वापर म्हणाल तर माणूस 'फुल ऑफ पेप', मरगळलेल्याला 'पेप अप' करायचं, गाणं 'पेपी', आणि मॅचच्या आधी कोच पोरांना उभं करून चार शब्द सुनावतो तो 'पेप टॉक'. शब्द बोलण्यातला आहे, नोकरीच्या अर्जात 'आय हॅव पेप' लिहू नका, तिथं एनर्जेटिक बरं.

मराठीत मला विचाराल तर हुरूप. आपल्या बेळगाव भागात तर हा सोयीचा पण आहे, कन्नडमध्ये हुरुपु म्हणतात, दोन्हीकडच्यांना समजतोय. फक्त 'पेपी गाण्या'ला हुरूप लावायला जाऊ नका, तिथं उडतं गाणंच म्हणा.