एपिस्कोपल चर्चमधून कॅथलिक चर्चकडे: गेलेले, थांबलेले आणि अजून न ठरलेले (अनुभव धागा)

अमेरिकेतल्या मराठी ख्रिस्ती मंडळींत हा विषय हल्ली वारंवार निघतो आणि दर वेळी अर्धवट राहतो. कुणाला घरच्यांना दुखवायचं नसतं, कुणाला पाळकांना. इथे मोकळेपणाने लिहिता यावं म्हणून हा धागा काढते आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्यातले पुष्कळ जण नगर, पुणे, कोल्हापूर, मुंबईच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळ्यांतून आलेले. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा आपल्याकडचं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं चर्च त्यात सामील झालं. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर सगळ्यात ओळखीचं वाटतं ते इथलं अँग्लिकन, म्हणजे एपिस्कोपल चर्च. माझं माहेर पंचहौदाचं. १८९० साली जिथे चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य आलं, तेच पंचहौद मिशन. तिथल्या पवित्र नाम देवालयात धूप, घंटा, गाऊन केलेली उपासना, गुडघे टेकून घेतलेलं प्रभुभोजन, हे सगळं मी लहानपणापासून पाहिलं. कॅथलिक मिस्सा, म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना, मला कधीच परकी वाटली नाही.

एपिस्कोपल चर्चमधून लोक बाहेर पडणं नवं नाही. १९७६ मध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मान्य झाली, १९७९ मध्ये नवं प्रार्थनापुस्तक आलं, २००३ मध्ये न्यू हॅम्पशरला उघडपणे समलिंगी असलेले बिशप निवडले गेले, २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली. प्रत्येक टप्प्यावर काही जण गेले. हल्ली माझ्या कानावर येते ती तक्रार वेगळी आहे. हे सगळे निर्णय ज्यांना मान्य आहेत तेही म्हणतात, की आपलं चर्च नेमकं काय मानतं हे कुणी ठामपणे सांगतच नाही. १९६०च्या दशकात चर्चची सभासदसंख्या चौतीस लाखांच्या घरात होती, आज ती सोळा लाखांच्याही खाली आहे. रिकामी बाकं पाहून माझाही जीव तुटतो.

माझं मत आधीच सांगते. इथलं पटत नाही म्हणून तिकडे, एवढ्या बळावर हा निर्णय घेऊ नये. कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश घेताना सगळ्यांसमोर म्हणावं लागतं, की पवित्र कॅथलिक चर्च जे जे देवाने प्रकट केलेलं म्हणून मानतं, शिकवतं आणि जाहीर करतं, ते सर्व मी मानते. पटेल तेवढं मानते, अशी सवलत त्यात नाही. तेव्हा लिहिताना दोन्ही सांगा: इथे काय खुपलं, आणि तिथलं काय खरं वाटलं.

विनंती एवढीच, पाळकांची आणि चर्चची नावं टाळा. स्त्री पाळक आणि समलिंगी भाऊबहिणी हा धागा वाचणार आहेत, त्यांच्याविषयी लिहिताना भान असू द्या.

ह्यूस्टनहून

मी गेलो. उत्तर टेक्सासमध्ये राहत होतो तेव्हा आमच्याकडे फूट पडली. २००७-०८ मध्ये चार डायोसिसमधले (डायोसिस म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा विभाग) बहुसंख्य लोक एपिस्कोपल चर्चमधून बाहेर पडले, त्यात आमचाही होता. मग इमारती कुणाच्या, यावर कोर्टकचेऱ्या. आमच्याकडचा खटला २०२१ पर्यंत चालला, थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या दारात जाऊन संपला. ज्या कुटुंबांबरोबर रविवारची जेवणं व्हायची ती किराणा दुकानात समोर आली तरी मान वळवायची. दोन्ही बाजूंचे लोक चांगले होते, हे मी आजही म्हणेन. पण वाद सुटावा कसा, याचा निकाल देणारं कुणी चर्चच्या आतच नव्हतं. कोर्टाकडे जावं लागलं. तिथे पहिल्यांदा पोपच्या अधिकाराचा विचार माझ्या मनात गंभीरपणे आला.

नोकरीमुळे ह्यूस्टनला आलो. इथे अवर लेडी ऑफ वॉल्सिंगहॅम कथीड्रल आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये अँग्लिकन परंपरेतून येणाऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था जाहीर केली. अमेरिका आणि कॅनडासाठी ती १ जानेवारी २०१२ पासून सुरू झाली. तिला ऑर्डिनरिएट म्हणतात, आणि तिचं मुख्य ठिकाण हेच. मिस्सा कॅथलिकच, भाषा मात्र आपल्या जुन्या प्रार्थनापुस्तकाची.

पहिल्या रविवारी प्रभुभोजनाआधी सगळे गुडघ्यांवर आले आणि 'हे दयाळू प्रभो, आमच्या नीतिमत्त्वावर भरवसा ठेवून आम्ही तुझ्या या मेजाजवळ येण्याचं धाडस करत नाही' ही प्रार्थना सुरू झाली. आजोबांच्या तोंडून मराठीत ऐकलेली. ती जुन्या प्रार्थनापुस्तकाचे कर्ते, अँग्लिकन आर्चबिशप क्रॅन्मर यांची. कॅथलिक राणी मेरीच्या राज्यात १५५६ साली ऑक्सफर्डला त्यांना जिवंत जाळलं, आणि आज तेच शब्द कॅथलिक मिस्सेत म्हटले जातात. मला पुढे म्हणवेना. बायकोने हात धरला.

ज्यांना वाटतं की तिकडे गेल्यावर आपलं सगळं मागे टाकावं लागेल, त्यांनी एकदा इथे येऊन बघा. मात्र देशात अशी धर्मग्रामं (पॅरिश) थोडीच आहेत. बहुतेकांच्या वाट्याला जवळचं साधं कॅथलिक चर्चच येणार.

व्हर्जिनियाहून (सासऱ्यांच्या वतीने)

माझे सासरे अमेरिकन, १९७०च्या दशकात एपिस्कोपल पाळक झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० मध्ये विवाहित एपिस्कोपल पाळकांना कॅथलिक धर्मगुरू होण्याची वाट उघडली, त्या वाटेने ते गेले. बायको, तीन मुलं, पाळकाचं घर, पगार, सगळं पणाला लावून. मधला काळ त्यांनी शाळेत लॅटिन शिकवून काढला.

लोकांना वाटतं सगळ्यात अवघड ते पैशाचं होतं. ते म्हणतात, नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९६ मध्ये निर्णय दिला की अँग्लिकन दीक्षा पूर्णपणे निरर्थक आणि शून्यवत आहे. म्हणून सासऱ्यांना नव्याने दीक्षा घ्यावी लागली, आधी डीकन, मग धर्मगुरू. मग इतकी वर्षं मरणाऱ्यांच्या उशाशी बसून जो प्रसाद दिला, त्याचं काय? त्यांनी हा प्रश्न आपल्या नव्या बिशपांना विचारला. बिशप म्हणाले, देवाने त्या सेवेतून कृपा दिली नाही असं चर्च म्हणत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेतून कृपेचं जीवन मिळू शकतं असं १९६४ मध्ये लिहून ठेवलं आहे. सासऱ्यांना ते पटलं, पण दुःख गेलं नाही. अजूनही त्या लोकांची नावं लिहिलेली वही त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात असते आणि रोजच्या मिस्सेत ते त्यांतली काही नावं घेतात.

आपण चूक केली का, असं मी त्यांना विचारलं आहे. त्यांचं उत्तर दर वेळी एकच: मला ते खरं वाटलं, मग पुढे वाट उरली नव्हती.

न्यू जर्सीहून

मी अर्ध्या वाटेवर अडकले आहे, म्हणून तपशिलात लिहिते. या भागाबद्दल कुणी आधी सांगत नाही.

मी हिंदू घरातली, बाप्तिस्मा मोठेपणी एपिस्कोपल चर्चमध्ये घेतला. नवरा जन्माने एपिस्कोपल. आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, सगळ्यांनाच प्रभुभोजनाला बोलावू लागले. एपिस्कोपल चर्चचा नियम तसा नाही, पण बऱ्याच ठिकाणी सर्रास चालतं. माझ्यासाठी बाप्तिस्मा ही काय गोष्ट होती! आई वर्षभर माझ्याशी बोलली नव्हती. ज्यासाठी एवढं सोसलं ते असलं काय नि नसलं काय, असं वेदीवरून ऐकणं मला झेपलं नाही. तिथून कॅथलिक शिकवणीच्या वर्गाला जायला लागले आणि ख्रिस्तप्रसादाबद्दल तिथे जे शिकवतात त्यावर माझा पूर्ण विश्वास बसला.

अडचण अशी, की नवऱ्याचं हे दुसरं लग्न. पहिलं लग्नही एपिस्कोपल चर्चमध्येच झालेलं. घटस्फोट झाला, बिशपांच्या परवानगीने आमचं लग्न झालं, इथे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. कॅथलिक चर्च मात्र ते पहिलं लग्न वैधच धरून चालतं. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचं लग्न सरकारी घटस्फोटाने मोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते मुळातच वैध नव्हतं असं चर्चच्या न्यायासनाने ठरवलं, तर आणि तरच माझा प्रवेश.

आता फॉर्म बघा. दोघांची ओळख कशी झाली, लग्नाआधी शंका होत्या का, मुलं हवी होती का, घरचा दबाव होता का. पानंच्या पानं. त्या काळात दोघांना ओळखणारे साक्षीदार द्यायचे. पहिल्या पत्नीला कळवलं जातं, तिलाही बोलायची संधी असते. नवरा रात्री जेवणाच्या टेबलावर एकेक उत्तर लिहायचा आणि दोन ओळींनंतर उठून अंगणात जायचा. तो स्वतः कॅथलिक होणार नाही, हे सगळं माझ्यासाठी चाललं आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये प्रक्रिया सोपी केली, पूर्वी दोन निकाल जुळावे लागत, आता एक पुरतो. तरी वाट बघणं आलंच.

वर्गातल्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी लग्नाबद्दल विचारलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्यापैकी कुणाचं असं असेल तर शिकवणी सुरू करण्याआधी फादरना हे आधी सांगा.

फिलाडेल्फियाहून

मी वसईची, जन्माने कॅथलिक, आणि उलट्या दिशेने आले. संध्याकाळी घरात रोझरी, मे महिन्यात मारियामातेची भक्ती, हे माझ्या रक्तात आहे. पेनसिल्वेनियात आले त्यानंतर धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांवरचा २०१८ चा ग्रँड ज्युरीचा अहवाल आला. सहा डायोसिस, तीनशेहून जास्त धर्मगुरू, हजाराहून जास्त मुलं. मी तो वाचला, सगळा. त्यानंतर धाकट्याला अल्तारसेवेला पाठवायला माझं मन धजेना.

एपिस्कोपल चर्चने माझं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, विश्वास पक्का करण्याचा संस्कार) पुन्हा केलं नाही. बिशपांनी माझे हात हातात घेतले आणि एक पवित्र कॅथलिक व प्रेषितीय चर्चची सभासद म्हणून आम्ही तुला ओळखतो, असं म्हणून स्वीकारलं. मी तेव्हा खूप रडले.

तिकडे जाणाऱ्यांना मी अडवत नाही. एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून समजून घ्या. इथे व्हेस्ट्री, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी समिती, आपण निवडतो, पाळक व्हेस्ट्री निवडते, बिशपच्या निवडणुकीत आपल्या प्रतिनिधींचं मत असतं. तिथे फादर बदलले की रविवारी पाटीवरून कळतं. धर्मग्रामाची समिती सल्ला देते, निर्णय फादरांचा. ज्या बाया इथे व्हेस्ट्रीत बसून हिशेब तपासतात त्यांना हे जड जाईल. आणि हो, कुमसाराची, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याची, मला अजून आठवण येते. तो संस्कार इथेही आहे, पण रांग नसते.

शिकागोहून

नाराज आहे. उपदेशात बायबल कमी आणि बातम्या जास्त. तरी जाणार नाही. माझ्या मुलीला वेदीजवळ एका स्त्री पाळकांनी उभं केलं, आणि मला ते देवाचं काम वाटतं. माझा यावरचा विश्वास खरा असेल, तर धाग्याच्या सुरुवातीला लिहिलेलं प्रवेशाचं वाक्य मला म्हणता येणार नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली वाँटेजला अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला, आणि तिथल्या सिस्टर्सशी सिद्धांतांवरून पत्रांतून वाद घालत राहिल्या. चर्चमध्ये राहून भांडता येतं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

बोस्टनहून

मी विद्यार्थी, कोल्हापूरचा. इंग्लंडमधले अँग्लिकन पाळक आणि लेखक जॉन हेन्री न्यूमन यांच्यामुळे या वाटेला लागलो. ९ ऑक्टोबर १८४५ रोजी लिटलमोरला ते कॅथलिक झाले, २०१९ मध्ये संत म्हणून जाहीर झाले, २०२५ मध्ये चर्चचे आचार्य. त्यांच्यामुळे एक गोष्ट पटली: शिकवण वाढते, पण वाढताना तीच राहते का, हे बघणारं कुणी तरी हवं. आमच्या इथल्या चर्चमध्ये मतांगीकार (विश्वासाची कबुली) म्हणताना 'कुमारी मरीयेपासून जन्मला' या ओळीला पाळक गप्प राहतात. मला फसवल्यासारखं वाटतं.

बाप्तिस्मा पुन्हा घ्यायचा नाही, तो ते मान्य करतात. पापनिवेदन करायचं, मग विश्वास जाहीर करायचा, मग दृढीकरण. मरीयेच्या स्वर्गारोहणाचा १९५० चा सिद्धांत मला मानता येतो. १८७० चा, पोप चुकू शकत नाहीत तो, वाचून काढला, त्याच्या अटी समजल्या, आता तोही जड नाही.

अडलं आहे ते आजीपाशी. तिचं दृढीकरण, लग्न, शेवटचं प्रभुभोजन, सगळं आपल्याच चर्चमध्ये. तिला शेवटी ज्यांनी प्रसाद दिला ते पाळकच नव्हते, असं मला तोंडाने म्हणावं लागणार का? व्हर्जिनियावाल्या ताई, तुमच्या सासऱ्यांशी माझं फोनवर बोलणं करून द्याल का? रविवारी दुपारनंतर कधीही चालेल.